मोठ्या कंपनीची अब्रू आणि कर्मचाऱ्याच्या खिशातला फोन

जुलै २०१७ मधली गोष्ट. पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रातल्या एका कर्मचाऱ्याने एचआरशी फोनवर झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं. उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, खर्चकपातीचा निर्णय झालेला आहे, असं पलीकडून सांगितलं जात होतं. आवाज चढलेला नव्हता, शिवीगाळ नव्हती. बोलणाऱ्याच्या दृष्टीने तो दिवसभरातल्या कामांपैकी एक कॉल असावा, आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला तो त्यामुळेच. क्लिप व्हॉट्सॲपवरून देशभर फिरली. समूहाचे अध्यक्ष आनंद महिंद्रा यांना ट्विटरवर स्वतःच्या नावाने माफी मागावी लागली. कंपनीचे प्रमुख सी. पी. गुरनानी यांनीही मागितली.

मी बरीच वर्षं मोठ्या कंपन्यांच्या जनसंपर्काचं काम करतो. असं काही घडलं की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हे पसरायचं थांबवायचं कसं?’ क्लिप थांबत नसते. थांबवण्यासारखा होता तो कॉल, आणि त्याची वेळ क्लिपच्या कितीतरी आधी येऊन गेलेली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आपल्याकडच्या कित्येक कंपन्यांचा अलिखित नियम. चाळीस हजार माणसं कामाला असतील तर ती मूठ आता चाळीस हजार खिशांत वाटली गेली आहे. म्हणून पुढे जे सांगतो आहे त्यात पोस्ट कशी लिहावी, हॅशटॅग कोणता लावावा, हे फारसं सापडणार नाही. एचआर, जनसंपर्क किंवा एखाद्या कारखान्याची वा विभागाची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर कामाची सुरुवात कुठून करायची आणि कोणत्या क्रमाने पुढे जायचं, ते सांगतो.

आधी कान कुठे लावायचा ते ठरवा

बहुतेक कंपन्या स्वतःच्या अधिकृत पानांवरच्या प्रतिक्रिया मोजतात. तिथे दिवाळीच्या शुभेच्छांखाली रखडलेल्या रिफंडचा जाब विचारणारे ग्राहक भेटतात. कर्मचारी तिथे बोलत नाहीत. ते ॲम्बिशनबॉक्स किंवा ग्लासडोअर या कंपन्यांचे अभिप्राय छापणाऱ्या संकेतस्थळांवर नाव न देता लिहितात, रेडिटवर टोपणनावाने लिहितात, लिंक्डइनवर नोकरी सोडल्यानंतर लिहितात आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज लिहितात. मुलाखतीला येणारा उमेदवार आदल्या रात्री तुमची वेबसाइट पाच मिनिटं पाहतो आणि ॲम्बिशनबॉक्स तासभर वाचतो. ‘मॅनेजरला सुट्टी मागितली की तोंड वाकडं होतं’ हे वाक्य त्याला तुमच्या ध्येयधोरणांपेक्षा जास्त काही सांगून जातं.

कामाला लागायचं तर एका कागदावर शोधायच्या शब्दांची यादी करा. कंपनीचं नाव बरोबर आणि चुकीच्या स्पेलिंगने, लोकांनी ठेवलेलं टोपणनाव, वरिष्ठांची आडनावं, कारखान्यांच्या गावांची नावं, मोठ्या कंत्राटदारांची नावं. पुढचा भाग महागड्या सॉफ्टवेअरलाही नीट जमत नाही: रोमन लिपीत लिहिलेली मराठी आणि हिंदी. ‘पगार झाला नाही’ हे तीन शब्द लोक रोमन लिपीत पाच प्रकारे लिहितात, आणि ‘काय मस्त सर्व्हिस आहे राव’ यातला टोमणा यंत्राला कौतुक वाटतो. यासाठी मराठी-हिंदी वाचणारा एक माणूस रोज सकाळी अर्धा तास बसवा. गूगल मॅप्सवरचे शाखांचे अभिप्रायही त्याच्याकडेच द्या. मुख्यालयात ते कुणी वाचत नाही, गावातले सगळे वाचतात.

त्याने रोज साडेनऊला अर्ध्या पानाची टिपण पाठवायची. त्यात तीन रकाने पुरतात: काय म्हटलंय, ते खरं आहे का, आणि ते सोडवणं कुणाच्या हातात आहे. लाइक किती, शेअर किती, हे तळाशी लिहिलं तरी चालेल. दुसरा रकाना सलग आठवडाभर रिकामा राहिला तर समजावं, की खालच्या कार्यालयांतून कुणी खरी माहिती द्यायला तयार नाही. हीसुद्धा एक बातमीच आहे.

एक पथ्य मात्र पाळा. कर्मचाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आपला माणूस घुसवू नका. तो आठ दिवसांत ओळखला जातो, आणि मग लोक दुसरा ग्रुप काढतात.

कान कुठे लावायचा हे मी शिकलो ते चाकणजवळच्या एका कारखान्यात. कॅन्टीनच्या उसळीत अळी निघाली. एका कंत्राटी कामगाराने फोटो काढला, तो ग्रुपवर गेला, तिथून तालुक्याच्या एका फेसबुक पानावर. कारखान्याच्या व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशी फर्मान काढलं: मोबाइल गेटवर जमा करायचे. संध्याकाळी त्या फर्मानाचाच फोटो फिरू लागला. अळीबद्दल गप्प असलेल्या एका मराठी वाहिनीच्या वार्ताहराने आता फोन केला, कारण ‘अळी निघाली’पेक्षा ‘अळी दाखवली म्हणून मोबाइलबंदी’ ही मोठी बातमी होती. मी तिथे पोहोचल्यावर कॅन्टीनची तक्रारवही मागितली. ती कंत्राटदाराच्या कपाटात होती, कुलूप लावलेल्या. कामगार प्रतिनिधींची कॅन्टीन समिती कागदावर होती. तिची शेवटची बैठक कधी झाली ते कुणाला आठवत नव्हतं.

तक्रार ज्याच्या टेबलावर सुटेल, तिथे न्या

सुरेश प्रभू नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. त्या दिवसांतल्या बातम्या आठवत असतील: प्रवाशाने गाडीतून ट्विट केलं आणि पुढच्या स्टेशनवर बाळासाठी दूध आलं, आजाऱ्यासाठी डॉक्टर आला. तेरा लाखांच्या आसपास कर्मचारी असलेली यंत्रणा काही मिनिटांत हलते, याचं लोकांना अप्रूप वाटलं. उत्तर पाठवणाऱ्याच्या हाताखाली नुसता कीबोर्ड नव्हता. ट्विट त्या-त्या विभागाच्या अधिकाऱ्यापर्यंत जात होतं आणि दिल्लीतून त्यावर लक्ष आहे हे स्टेशनवरच्या माणसाला ठाऊक होतं. कामाची सवय बदलली ती या धाकामुळे, थोडी कौतुकामुळेही.

कंपन्यांत याच्या बरोबर उलट घडतं. सोशल मीडियाचं खातं मार्केटिंगकडे असतं किंवा बाहेरच्या एजन्सीकडे. तिथे बसलेली बावीस वर्षांची मुलगी दिवसभर ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया डीएम (खासगी संदेश) करा’ एवढंच लिहू शकते. तिला ना ऑर्डर दिसते, ना रिफंड देता येतो, ना गोदामातलं कुणी तिचा फोन उचलतं. मग तिच्या उत्तराखालीच ‘हेच उत्तर तीनदा दिलंत’ असं लोक लिहितात.

यावरचे उपाय साधे आहेत, फक्त करायला तडजोडी लागतात. प्रत्येक शाखेत आणि प्रत्येक मोठ्या विभागात एका माणसाचं नाव ठरवा, ज्याने या टीमचा फोन उचलायचाच. ठरावीक रकमेपर्यंत, समजा दोन हजार रुपयांपर्यंत, कुणालाही न विचारता पैसे परत करायची मुभा टीमला द्या. उत्तराखाली लिहिणाऱ्याचं पहिलं नाव येऊ द्या. उघड पोस्टमध्ये मोबाइल किंवा खात्याचा क्रमांक कधीच मागू नका, कारण बँकांच्या आणि विमान कंपन्यांच्या तक्रारींखाली बनावट ‘कस्टमर केअर’ खाती टपून बसलेली असतात. ग्राहकाने क्रमांक दिला रे दिला की त्यांचा फोन आधी जातो, आणि ओटीपी सांगून फसलेला माणूस बोल मात्र तुमच्या कंपनीलाच लावतो. अशी खाती शोधून बंद करायला लावणं हे रोजचं काम समजा.

रेल्वेच्या उदाहरणाला दुसरी बाजूही होती. ज्याच्या हातात ट्विटर होतं त्याला दूध मिळालं. जनरल डब्यात बाळाला घेऊन बसलेल्या बाईकडे ते नव्हतं. पुढे रेल्वेची रेल मदद ही तक्रार सेवा आणि १३९ हा फोन क्रमांक यांनी ती दरी काही अंशी भरली. तुमच्याकडे फोनवरची तक्रार सुटायला सात दिवस आणि ट्विटरवरची सुटायला सात तास लागत असतील, तर चव्हाट्यावर आल्याशिवाय काम होत नाही, ही शिकवण तुम्हीच ग्राहकांना देता आहात. दोन्ही वेळा दर महिन्याला शेजारी शेजारी लिहून पाहा.

कर्मचाऱ्यांसाठीचे नियम एका पानात, मराठीत

मोठ्या कंपनीची सोशल मीडिया पॉलिसी मी बहुतेक ठिकाणी चौदा-पंधरा पानांची आणि इंग्रजीत पाहिली आहे. रुजू होताना तीस कागदांवर सह्या होतात, त्यात तिच्यावरही होते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला तिच्यातलं एक वाक्य सांगता येत नाही.

एका पानात बसेल एवढंच लिहा. काय चालणार नाही: ग्राहकांची माहिती, जाहीर न झालेले आर्थिक आकडे, यंत्रांचे आणि आराखड्यांचे फोटो, सहकाऱ्याची बदनामी, कंपनीच्या नावाने धमकी किंवा द्वेष. काय चालेल, हेही तितकंच स्पष्ट लिहा: आपला पगार, कामाचे तास, सुरक्षितता यांवर बोलणं. हा दुसरा परिच्छेद लिहायला वकील कचरतात. तो नसेल तर बाकीचं पान लोक धमकी म्हणूनच वाचतात. कंपनीच्या जाहिरातीचं कौतुक कर्मचाऱ्याने स्वतःच्या खात्यावरून करायचं असेल, तर आपण तिथे नोकरीला आहोत हे त्याने सांगायलाच हवं. मुंबईतल्या एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वंही कंपनीशी असलेलं नातं उघड करायला सांगतात.

कारवाई कधी रास्त ठरते? मार्च २०२० मध्ये, करोनाची साथ सुरू होत असताना, इन्फोसिसच्या एका कर्मचाऱ्याने विषाणू पसरवण्याचं आवाहन करणारी पोस्ट टाकली. कंपनीने त्याला काढून टाकलं आणि त्यावर फारसं दुमत झालं नाही. उलट २०१७ मध्ये दिल्ली विमानतळावर इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी प्रवाशाशी धक्काबुक्की केल्याचा व्हिडिओ बाहेर आला, तेव्हा चर्चा वेगळीकडेच वळली, कारण ज्याने तो व्हिडिओ काढला त्या कर्मचाऱ्यालाच कामावरून कमी केलं गेलं होतं. त्यानेच चिथावणी दिली, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते खरंही असेल. पण बाहेरच्यांना आणि आतल्यांनाही दिसलं ते एवढंच, की दाखवणाऱ्याची नोकरी गेली. असा निर्णय घेण्याआधी, ‘उद्या हेच घडलं तर आपला माणूस आपल्याला सांगेल का?’ हा प्रश्न बैठकीत मोठ्याने विचारा.

जाता जाता एक तक्रार. मॅनेजरने ग्रुपवर लिंक टाकायची, ‘सर्वांनी लाइक, शेअर आणि कॉमेंट करून स्क्रीनशॉट पाठवा’ म्हणायचं, आणि मग साठ जणांनी एकाच साच्यातलं ‘प्राउड मोमेंट’ लिहायचं, हा प्रकार बंद करा. वाचणाऱ्याला तो लगेच कळतो, आणि तो स्क्रीनशॉट कधीतरी रेडिटवर पोहोचतोच.

साहेबांचं बोलणं

जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा कर्मचाऱ्यांशी झालेल्या संवादाचा व्हिडिओ रेडिटवरून बाहेर पडला. शनिवारी काम का, असा प्रश्न होता. त्यांनी आठवड्याला नव्वद तासांची गोष्ट काढली, रविवारीही काम करवून घेता येत नाही याची खंत बोलून दाखवली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असं विचारलं. एरवी बॅलार्ड इस्टेटमधल्या या कंपनीचं नाव धरणं, पूल आणि कारखान्यांसाठी घेतलं जातं. तो आठवडाभर ते विनोदांसाठी घेतलं गेलं.

यात दोन टप्पे होते आणि दुसऱ्याकडे लोकांचं कमी लक्ष जातं. कंपनीने खुलासा केला तो राष्ट्रउभारणी, भारताचं दशक, असाधारण यशासाठी असाधारण परिश्रम या भाषेत. म्हणजे वक्तव्य ‘तसं म्हणायचं नव्हतं’ असं न होता अधिकृत धोरण होऊन बसलं. ज्या कर्मचाऱ्याने शनिवारचा प्रश्न विचारला होता त्याला खुलाशातही उत्तर मिळालं नाही. एका ओळीचा खुलासा पुरला असता: शनिवारच्या कामाबद्दल कंपनीचा नियम काय, आणि त्यावर फेरविचार होणार आहे की नाही.

मालक स्वतः वादात उतरतात तेव्हा तर आणखी पंचाईत. ऑक्टोबर २०२४ मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांनी ओला इलेक्ट्रिकच्या सर्व्हिस सेंटरबाहेर धूळ खात उभ्या असलेल्या स्कूटरचा फोटो टाकला. ओलाचे संस्थापक भाविश अगरवाल यांनी उत्तर देताना हे पैसे घेऊन केलेलं ट्विट आहे असं सुचवलं आणि कामरांच्या कारकिर्दीची टर उडवली. दुसऱ्या दिवशी बाजारात शेअर आठ टक्क्यांहून जास्त पडला. त्याच सुमारास ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस आली आणि वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कंपनीविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्याचा आकडा सगळीकडे छापला गेला. या तक्रारी कामरांनी तयार केल्या नव्हत्या, त्या साचलेल्याच होत्या. मालकाच्या उत्तराने त्यांना तोंड फुटलं.

तुम्ही साहेबांच्या शेजारी बसत असाल तर तीन गोष्टी त्यांच्या गळी उतरवा. अंतर्गत सभा असं काही उरलेलं नाही, प्रत्येक टाउनहॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, चित्रित होतो असं धरूनच बोलायचं. रात्री दहानंतर स्वतःच्या हाताने उत्तर द्यायचं नाही. आणि भाषणापेक्षा प्रश्नोत्तरांची तयारी जास्त करायची, कारण घसरतं ते तिथेच. सभेआधी मी एका कडक स्वभावाच्या जुन्या सुपरवायझरला बोलावून घेत असे आणि त्याला अवघड प्रश्न विचारायला लावत असे. साहेब चिडत. पण बंद खोलीत चिडत.

वादळ उठलं तर

पहिल्या तासात निवेदन लिहायला बसू नका. तीन जणांना फोन करा: जिथे घडलं तिथल्या प्रमुखाला, ज्याच्याबरोबर घडलं त्याला किंवा त्याच्या घरच्यांना, आणि कायदा विभागाला. क्रमही हाच. मधला फोन सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये ईवाय या लेखापरीक्षण व सल्लागार कंपनीच्या पुणे कार्यालयातल्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र व्हायरल झालं. मुलगी मार्चमध्ये रुजू झाली होती, जुलैमध्ये गेली. कामाच्या ओझ्याबद्दल त्या आईने लिहिलंच होतं, पण वाचणाऱ्यांच्या मनात घर करून राहिली ती एक गोष्ट: अंत्यसंस्काराला कार्यालयातून कुणी आलं नाही. त्यानंतर, कामाच्या ताणाने जीव गेला असं आम्हाला वाटत नाही, अशा अर्थाचं प्रमुखांचं विधान छापून आलं आणि संतापात भरच पडली. पुढे राज्याच्या कामगार विभागाने तपासणी केली, तेव्हा ते कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीविना चालत होतं असं आढळलं. समाजमाध्यमांवरचं वादळ असंच कागदपत्रांपर्यंत पोहोचतं. म्हणून नोंदण्या, कामाच्या तासांची नोंद, लैंगिक छळ प्रतिबंधक अंतर्गत समितीच्या बैठकांचे इतिवृत्त हे सगळं शांततेच्या काळात एकदा तपासून ठेवा.

पहिल्या दिवसात काहीतरी बोलावं लागतंच. २०१५ मध्ये मॅगीत शिसं असल्याची बातमी पसरत होती, तेव्हा नेस्लेची उत्तरं बराच काळ एकाच साच्यातली, तांत्रिक आणि थंड होती. पाच जूनला एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा बंदी आदेश आला आणि कंपनीने माल परत बोलावला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि नोव्हेंबरमध्ये पाकिटं पुन्हा दुकानांत आली. म्हणजे कायद्याच्या लढाईत कंपनीच्या बाजूने निकाल लागला, पण मधल्या काळात हजारो टन नूडल्स नष्ट करावी लागली आणि घराघरांतल्या आयांना ‘खायला द्यायचं की नाही’ याचं साध्या शब्दांतलं उत्तर वेळेवर मिळालं नव्हतं.

निवेदन कसं असू नये, याचा नमुना तुम्ही शंभरदा वाचला असेल: ‘सदर घटनेची गंभीर दखल घेण्यात आली असून कंपनी उच्च मूल्यांशी कटिबद्ध आहे. कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’ ‘घेण्यात आली’ म्हणजे कुणी घेतली? आणि ‘असल्यास’ कशाला?

समजा, एका व्यवस्थापकाने ऑनलाइन बैठकीत हाताखालच्यांवर आरडाओरडा केल्याचा व्हिडिओ फिरतो आहे. हा काल्पनिक प्रसंग नाही. जून २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेच्या कोलकात्यातल्या एका अधिकाऱ्याचा विक्रीच्या उद्दिष्टांवरून ओरडतानाचा असाच व्हिडिओ पसरला आणि बँकेने त्याला निलंबित केलं. अशा वेळी मी हे लिहीन:

‘आमच्या एका व्यवस्थापकाचा बैठकीतला व्हिडिओ आम्ही पाहिला. तो खरा आहे. ते सहकाऱ्यांशी ज्या भाषेत बोलले ती चुकीची आहे. त्या सहकाऱ्यांना आज सकाळी आम्ही फोन करून माफी मागितली. चौकशी होईपर्यंत व्यवस्थापकांना कामापासून दूर ठेवलं आहे. विक्रीची उद्दिष्टं कशी ठरवली जातात आणि ती गाठली नाहीत तर काय केलं जातं, हेही आम्ही तपासतो आहोत. काय आढळलं ते १५ तारखेला इथेच सांगू.’

यातली शेवटची दोन वाक्यं मंजूर करून घेताना तुमचा कस लागेल. एका माणसाला निलंबित करायला कुणाची हरकत नसते. तो कुणाच्या दबावाखाली ओरडत होता, हे विचारलं की खोलीत शांतता पसरते. आणि १५ तारीख लिहिलीत तर १५ला सांगाच. ती वाट पाहणारा कुणीतरी असतोच.

हे निवेदन बाहेर जाण्याआधी अर्धा तास तरी कर्मचाऱ्यांना मिळालं पाहिजे, आणि दोन्हीकडे मजकूर एकच हवा. युनायटेड एअरलाइन्सने एप्रिल २०१७ मध्ये याच्या उलट केलं. शिकागोत विमानातून प्रवाशाला फरफटत बाहेर काढल्याचे व्हिडिओ जगभर गेले. प्रमुख ऑस्कर म्युनोझ यांनी बाहेर सांगितलं की प्रवाशांची ‘पुन्हा सोय’ करावी लागली याबद्दल खेद आहे, आणि त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं की तो प्रवासी भांडखोर होता, तुम्ही नियमानुसार वागलात. ते पत्र लगेच फुटलं. आपल्या माणसांची पाठराखण करावी असं त्यांना वाटलं असेल, त्यात वाईट काही नाही. पण दोन तोंडांनी बोलणं एका दिवसात उघडं पडलं आणि तिसऱ्यांदा संपूर्ण माफी मागावी लागली. गंमत म्हणजे महिनाभरापूर्वीच याच गृहस्थांना जनसंपर्क क्षेत्रातल्या एका अमेरिकी नियतकालिकाने ‘वर्षातील उत्तम संवादक’ म्हणून गौरवलं होतं.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर आणखी एक घड्याळ चालू असतं. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार १ जून २०२४ पासून बाजारमूल्याने पहिल्या शंभर आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या अडीचशे कंपन्यांना, प्रसारमाध्यमांतल्या एखाद्या ठोस अफवेमुळे शेअरच्या भावात लक्षणीय हालचाल झाली, तर चोवीस तासांत ती खरी की खोटी हे बाजाराला कळवावं लागतं. निव्वळ ट्विट या नियमात बसत नाही. पण ट्विटची बातमी व्हायला हल्ली दुपारही उजाडावी लागत नाही. त्यामुळे कंपनी सचिवाचा नंबर पहिल्या तासाच्या यादीत असू द्या.

लोगो अंगावर घालणाऱ्यांचा विचार

कधी कधी कंपनीची चूक नसते, तिने भूमिका घेतलेली असते. जुलै २०१९ मध्ये डिलिव्हरी करणाऱ्याचा धर्म पाहून ऑर्डर रद्द करणाऱ्या ग्राहकाला झोमॅटोने ठाम नकार दिला आणि अन्नाला धर्म नसतो असं जाहीरपणे म्हटलं. काहींनी ॲप काढून टाकलं, काहींनी मुद्दाम घेतलं. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने आंतरधर्मीय डोहाळजेवणाची जाहिरात गदारोळानंतर मागे घेतली. कर्मचारी, भागीदार आणि दुकानांतल्या माणसांची सुरक्षितता, हे कारण दिलं. त्या निर्णयाला भ्याड म्हणणारे पुष्कळ भेटले. मी तसं म्हणायला धजावत नाही, कारण ट्विट मुख्यालयातून होतं आणि दगड शोरूमवर पडतो.

मार्च २०२४ मध्ये झोमॅटोला हे घाईघाईत शिकावं लागलं. शुद्ध शाकाहारी ऑर्डरसाठी हिरव्या पोशाखातले वेगळे रायडर असतील असं १९ तारखेला जाहीर झालं. मग नेहमीच्या लाल कपड्यातला रायडर म्हणजे मांसाहार घेऊन आलेला, असं सोसायटीच्या गेटवरच ठरेल आणि त्याला अडवलं जाईल, हा मुद्दा लोकांनी काढला. दुसऱ्याच दिवशी हिरवा पोशाख मागे घेण्यात आला. निर्णय चोवीस तासांत बदलला याचं मला कौतुक आहे. पण जाहीर करण्याआधी दहा रायडरना चहा पाजून विचारलं असतं, तर तो मुद्दा त्यांनीच सांगितला असता.

म्हणून कुठल्याही मोहिमेच्या मंजुरीच्या कागदावर एक ओळ वाढवा: ‘हे चिघळलं तर समोरासमोर कुणाला तोंड द्यावं लागेल, आणि त्यांच्याशी बोललो का?’ काउंटरवरचे, गेटवरचे, दुचाकीवरचे. त्यांना चार वाक्यांचं उत्तर आधी हातात द्या, आणि कुणी अंगावर आलं तर दुकान बंद करायचा अधिकारही.

मोजायचं काय

सेंटिमेंटचा, म्हणजे लोकांच्या बोलण्याचा सूर दाखवणारा हिरवा-लाल आलेख वरिष्ठांना फार आवडतो. तो दाखवा, पण निर्णय त्यावर घेऊ नका. कितीजणांनी ऑफर घेऊन नंतर नाकारली आणि का, पहिल्या वर्षात किती जण सोडून गेले, एकच तक्रार कितीदा परत आली, हे पाहा. बाहेर आलेल्या प्रत्येक प्रकरणाबद्दल विचारा, की हे आत आधी कुणी सांगितलं होतं का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी तपासलेल्या बहुतेक प्रकरणांत ‘हो’ असं आलं. कधी ईमेल होती, कधी नोकरी सोडतानाच्या मुलाखतीत सांगितलेलं होतं, कधी वहीत लिहिलेलं. आतल्या तक्रारी वाढल्या तर घाबरू नका. पहिले सहा महिने त्या वाढायलाच हव्यात.

चाकणच्या त्या कारखान्यात मोबाइलबंदी तिसऱ्या दिवशी उठली. तक्रारवही कपाटातून काढून कॅन्टीनच्या दारात साखळीला अडकवली, आणि समितीत दोन कंत्राटी कामगार घेतले, त्यातला एक तो फोटो काढणारा. पहिल्या महिन्यात वहीत एकतीस नोंदी झाल्या. निम्म्या चहाबद्दल होत्या. तिसऱ्या महिन्यात कंत्राटदार बदलला. तो अळीचा फोटो अजूनही गावाचं नाव टाकून शोधलं की पहिल्या पानावर येतो. मध्यंतरी त्याच्याखाली कुणीतरी लिहिलेलं दिसलं, ‘आता बरं असतं जेवण, चहा मात्र अजून पांचटच.’ मी ती ओळ कापून कारखान्याच्या व्यवस्थापकांना पाठवली. त्यांनी चहाची पावडर कोणती वापरतात ते विचारून कळवतो म्हणून सांगितलं.